नोकरी गेली, आता दारोदार विक्री : नाशिकमध्ये कुणी हे केलंय का?

पाथर्डीफाटा

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

गेल्या उन्हाळ्यात नोकरी गेली. एका परदेशी कंपनीच्या इथल्या कारखान्यात खरेदी विभागात होतो. सगळी खरेदी यापुढे एकाच शहरातून करायची असं वर कुठेतरी ठरलं आणि नाशिकचं आमचं टेबलच उठलं. भांडण नाही, तक्रार नाही. हिशेब वेळेवर मिळाला, निरोपाचा केकसुद्धा कापला. वय पंचेचाळीसच्या पुढे. पुण्याला, चाकणला मुलाखती झाल्या. दोन ठिकाणी पगार निम्म्यावर, एका ठिकाणी समोरचा पोरगा म्हणाला, "सर, तुमचा अनुभव आमच्या पदासाठी जरा जास्तच होतोय." मुलगी दहावीला, आई-वडील इथे. बिऱ्हाड हलवायचं नाही असं घरात ठरलं.

मग एका ओळखीच्या वितरकाकडे घरगुती पाणी शुद्धीकरणाची यंत्रं विकायला लागलो. आरओ (पाण्यातले क्षार काढणारं), यूव्ही (जंतू मारणारं), आणि बोअरच्या पाण्याचा जडपणा घालवायला सॉफ्टनर. पक्का पगार नाही, पेट्रोलपुरते पैसे आणि बाकी कमिशन. तेही ऑर्डर घेतल्यावर नव्हे, यंत्र बसून ग्राहकाचे पैसे जमा झाले की.

काम वाईट नाही हो. खरेदीत असताना रोज विक्रेते माझ्यासमोर बसायचे, त्यामुळे त्यांचं काय चुकतं ते पाठ आहे. पण काही गोष्टींचा गुंता सुटत नाही. पहिली, नातेवाईक आणि मित्रांना विकायचं नाही असं मी ठरवलंय. बायकोला ते पटतं, वितरकाला अजिबात पटत नाही. तो म्हणतो, पहिली शंभर नावं मोबाइलमधूनच काढायची असतात. दुसरी, आवक इतकी वरखाली होते की घरखर्चाचा आराखडा मांडताच येत नाही. आणि तिसरी, सोसायट्यांचे दरवाजे. इंदिरानगर, गोविंदनगर, अशोका मार्ग, सगळीकडे "विक्रेत्यांना प्रवेश नाही" ही पाटी, आणि वॉचमन त्या पाटीहून कडक.

नोकरीतून या बाजूला आलेल्यांनी लिहा. ज्यांना हा सगळाच प्रकार आवडत नाही त्यांनीही लिहा, मी रागावणार नाही.

पंचवटी_पासधारक

स्पष्ट लिहितो, राग नको. तुमच्या जागी मी असतो तर पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेस पकडली असती. इथून रोज मुंबईला जाऊन नोकरी करणारे शेकड्यांनी आहेत. कष्ट आहेत, पण महिन्याच्या शेवटी एक आकडा खात्यात पडतो. कमिशनवर जगणं पंचविशीत ठीक, मुलगी दहावीला असताना नाही. शिवाय दारोदार विक्रीत जे टिकतात त्यांना ते आधीपासून येत असतं. बाकीचे सहा महिन्यांत परत नोकरी शोधतात आणि तोवर बायोडेटात एक खिंडार पडलेलं असतं.

मखमलाबादकर

एकच विचारतो. तुम्हाला यंत्रं विकायची आहेत की माणसं जोडायची आहेत? दुसरं असेल तर आजच बाहेर पडा.

आमच्या मेव्हण्याची नोकरी गेली तेव्हा त्याला एकाने "आरोग्याच्या व्यवसायात" ओढलं. मुंबई नाक्याजवळच्या हॉटेलात हॉल, टाय लावलेली पोरं, टाळ्या, आणि पडद्यावर कुणाची तरी गाडी. सुरुवातीलाच पावडरींचं किट घ्यावं लागलं. मग तुमच्याखाली सहा जण आणा, त्या सहांनी प्रत्येकी सहा आणायचे. मी त्याला वहीच्या मागच्या पानावर हिशेब करून दाखवला. सहाचे छत्तीस, छत्तीसचे दोनशे सोळा, असं करत अकराव्या पायरीला ३६ कोटी माणसं लागतात आणि बाराव्याला २१७ कोटी. म्हणजे बाराव्या पायरीला सगळा भारत आत घेतला तरी पुरत नाही. तो म्हणाला, "दाजी, तुमची मानसिकता नोकरदाराची आहे." ते डबे अजून माळ्यावर आहेत. सासूबाई चुलत घरच्या लग्नाला गेल्या तर लोक त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसले.

पाथर्डीफाटा

@मखमलाबादकर, नाही नाही. माझ्याखाली कुणी नाही, वर फक्त वितरक. यंत्र विकलं तर पैसे, नाही विकलं तर नाही. किटही घ्यावं लागलं नाही, नमुन्याचं यंत्र वितरकाचंच.

@पंचवटी_पासधारक, तुमचं म्हणणं चूक नाही. मुंबईचाही विचार केला होता. पण आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, नेणारा मीच. या कामात दुपार माझी असते. कमिशनचा हा फायदा कुठल्या जाहिरातीत लिहिलेला नसतो.

कलम_वाचक

मखमलाबादकरांनी मुद्दा काढलाच आहे तर कायद्याचं थोडं. थेट विक्रीसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्राने २८ डिसेंबर २०२१ रोजी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यात पिरॅमिड योजना चालवायला आणि तिच्यात कुणाला ओढायला सरळ मनाई आहे. पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा तर त्याही आधीचा, १९७८ चा. नव्या नियमांनुसार विक्रेता होण्यासाठी प्रवेश फी, नोंदणी फी किंवा प्रात्यक्षिकाच्या साहित्याची किंमत घेता येत नाही. मेव्हण्यांचं किट नेमकं इथे अडकतं. कंपनी आणि विक्रेता यांच्यात लेखी करार हवा, आणि करार केल्यावर विनादंड बाहेर पडायला मुदत हवी.

धागाकर्त्यासाठी महत्त्वाचं म्हणजे त्या नियमांत विक्रेत्यावरही बंधनं आहेत. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचं नाही. बोलणं सुरू करतानाच आपण कोण, कुठल्या कंपनीचे, काय विकायला आलोय हे सांगायचं. तुमचा वितरक या व्याख्येत बसतो की नुसता दुकानदार ठरतो ते त्याच्या करारावर अवलंबून. पण बंधन लागू नसलं तरी पाळलं म्हणून काही बिघडत नाही. वॉचमनचा प्रश्नही त्यातूनच सुटेल. वेळ ठरवून गेलात तर घरमालकच गेटवर फोन करून आत सोडायला सांगतो.

गंगापूररोडची_मावशी

पाथर्डीफाटा, तुमचं सगळं पटलं, पण नातेवाइकांना विकायचं नाही हे काही पटलं नाही बाई मला.

टपरवेअर १९९६ मध्ये भारतात आलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत ह्यांच्या कंपनीला टाळं लागलं आणि मी डबे विकायला लागले. सुरुवात कुठून? जावेच्या घरी हळदीकुंकू होतं, तिथून. वाण लुटून झालं की सतरंजीवर डबे मांडायचे, एकात पाणी भरून उलटा करून दाखवायचा, थेंब सांडला नाही की अर्धं काम झालं. दोन पोरांची इंजिनीअरिंगची फी त्यातून निघाली. ती मूळ अमेरिकेतली कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीसाठी कोर्टात गेली हे पेपरात वाचलं तेव्हा मलाच आमच्या घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं.

सांगायचं ते हे की, ओळखीच्या माणसाला विकताना खोटं बोलताच येत नाही. झाकण सैल झालं तर जाऊबाई संक्रांतीला तोंडावर म्हणणार. परक्याला विकून तुम्ही पुढच्या गल्लीत निघून जाता. मला विचाराल तर ज्याला आपला माल जावेला विकायची लाज वाटते त्याने तो परक्यालाही विकू नये.

पाथर्डीफाटा

मावशी, लाज मालाची नाही. उलट आहे. नातेवाईक "नको" म्हणू शकत नाहीत, हीच माझी अडचण. माझी नोकरी गेल्याचं सगळ्यांना माहीत आहे. मी आत्येभावाकडे यंत्र घेऊन गेलो तर तो पाण्याकडे बघणार नाही, माझ्याकडे बघेल. गरज नसताना घेईल, सवलत मागेल, आणि मशीन बिघडलं तर मला सांगणार नाही, बायकोला सांगेल. त्याच्या घरी पालिकेचं पाणी येतं, त्याला आरओची गरजच नाही!

हे जरा सविस्तर सांगतो, कारण अर्धी विक्री इथेच अडते. पाण्यात विरघळलेले क्षार किती हे टीडीएस मीटर सांगतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. गंगापूर आणि मुकणे धरणांचं जे पाणी पालिका देते ते माझ्या मीटरवर ५०० च्या कितीतरी खाली येतं. तिथे जंतूंसाठी यूव्ही पुरतं. ५०० च्या खाली आरओ वापरायलाच बंदी घाला असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्राला सांगितलं होतं, कारण आरओमध्ये बरंचसं पाणी मोरीत जातं. पण आरओवर कमिशन जास्त. त्यामुळे विकला जातो आरओ.

तो कसा विकला जातो हेही ऐका. मी नवा असताना एका जुन्या, मुरलेल्या विक्रेत्याबरोबर फिरलो. गोविंदनगरमधला एक बंगला, निवृत्त गृहस्थ. आमच्या माणसाने दोन ग्लास मांडले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. बॅगेतून एक यंत्र काढलं. त्याला खाली धातूच्या सळयांच्या दोन जोड्या असतात. ते दोन्ही ग्लासांत बुडवून वीज सुरू केली. मिनिटभरात नळाचं पाणी आधी हिरवट, मग तपकिरी झालं, वर घाणेरडा फेस. आरओचं पाणी जवळपास होतं तसंच. "बघा काका, रोज काय पिताय!" काकू तोंडाला पदर लावून उभ्या.

काका काही न बोलता आत गेले आणि चिमूटभर मीठ घेऊन आले. ते आरओच्या ग्लासात टाकलं, ढवळलं आणि म्हणाले, "आता लावा तुमचं मशीन." तोही ग्लास तपकिरी झाला. गृहस्थ कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. त्यांनी आम्हाला बसवून समजावलं. एक सळई लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंडच विरघळून पाण्यात उतरतं. तपकिरी दिसतो तो गंज, पाण्यातली घाण नव्हे. आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत, म्हणून वीज वाहत नाही, इतकंच. मग चहाही दिला.

खाली उतरल्यावर आमचा माणूस म्हणाला, "असा एखादा भेटतो. बाकी नव्वद घरांत चालतं." मी ते यंत्र बॅगेत ठेवत नाही. वितरक कुरकुरतो.

नव्याने_सुरुवात

बाप रे! आमच्याकडे अगदी असंच दाखवून मागच्या वर्षी आरओ गळ्यात मारला. पालिकेचंच पाणी आहे. सासऱ्यांना आत्ता धागा वाचून दाखवला, ते काहीच बोलत नाहीयेत.

नाशिकरोड_विमा

मी सत्तावीस वर्षं विम्याचा एजंट. त्याआधी सातपूरच्या एका कारखान्यात होतो, तो बंद पडला. त्यामुळे धागाकर्त्याची अवस्था ठाऊक आहे. आवक वरखाली होते म्हणता, त्यावर लिहितो.

विक्रीत दोन प्रकारचे पैसे असतात. एकदाच येणारे आणि पुन्हा पुन्हा येणारे. विम्यात पहिल्या वर्षी कमिशन मोठं आणि नूतनीकरणाचं लहान, पण ते लहानच घर चालवतं. माझे सुरुवातीचे ग्राहक इथल्या प्रेसमधले, नोटांच्या आणि स्टॅम्पच्या. त्यांचे हप्ते भरलेत की नाही याची मी वही ठेवायचो. पॉलिसी बंद पडली की ग्राहकाचं नुकसान आणि माझंही. नवे एजंट नवी पॉलिसी आणायला धावतात आणि मागच्या गळतात, मग तीन वर्षांनी पुन्हा शून्यावर. तुमच्या धंद्यात ही जागा फिल्टर आणि वार्षिक देखभाल कराराची. वितरकाला आत्ताच विचारा, मी बसवलेल्या यंत्राच्या देखभाल करारात माझा वाटा किती, आणि तो कागदावर आहे का. नसेल तर तुम्ही त्याच्यासाठी विहीर खणताय.

दुसरं. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर गेला असेल. आईची डायलिसिस म्हणता म्हणून मुद्दाम विचारतो. कंपनीच्या सामूहिक पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, पण ते वेळेत मागावं लागतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. मुदत उलटून नव्याने घ्यायला गेलात तर जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजतात.

तिसरं, सवलत. माझ्याकडे कुणी म्हणालं की कमिशनातलं थोडं परत द्या, तर मी सांगायचो की विमा कायद्यात तो गुन्हा आहे, आणि सुटायचो. तुमच्याकडे तशी ढाल नाही. एकदा दिलीत की पूर्ण गल्लीला द्यावी लागेल.

पाथर्डीफाटा

काका, देखभाल कराराचं विचारलं. वितरक म्हणतो, "तो सर्व्हिसचा विभाग, त्यात तुमचं काही नाही." उद्या पुन्हा बसतोय त्याच्यासमोर. खरेदीत आयुष्य गेलं, वाटाघाटी करायला मी काही लाजणार नाही.

विम्याचं वेळेत झालं होतं, बायकोच्या आग्रहाने. ग्रॅच्युइटीही आली.

कलम_वाचक

ग्रॅच्युइटीचा विषय निघालाच आहे तर इतर वाचकांसाठी : शेवटचा पगार (नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी कामगार संहिता येईपर्यंत मूळ पगार अधिक महागाई भत्ता, आता वेतनाची व्याख्या बदलली आहे), त्याला १५ ने गुणून २६ ने भागायचं, मग नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. कंपनीच्या आकड्याशी स्वतः ताडून बघा. आणि पीएफ लगेच मोडू नका. सलग पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागतो हे अनेकांना माहीत नसतं. विक्रीच्या कमिशनमधून टीडीएस (पाण्यातला नव्हे, आधीच कापून घेतला जाणारा आयकर) कापला जातो, तो बुडत नाही. विवरणपत्र भरलं की हिशेबात येतो. तेव्हा उत्पन्न कमी आहे म्हणून विवरणपत्र टाळू नका.

सिडकोचा_सूर्य

मी छतावरच्या सोलरमध्ये आहे, आधी एका आयटी कंपनीच्या नाशिक ऑफिसात होतो. पाणी काय, सोलर काय, दारातली गोष्ट तीच. आमच्याकडे उलटा त्रास. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली आणि तिच्या नावातच "मुफ्त बिजली" असल्यामुळे माणूस दार उघडतानाच म्हणतो, "फुकट ना?" मग समजवा. अनुदान एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,०००, तीन आणि त्यापुढे ७८,०००. तेही ग्राहकाच्या खात्यात, नंतर. आधी पूर्ण पैसे त्यानेच उभे करायचे, रोख किंवा कर्ज. मी हे पहिल्याच वाक्यात सांगतो. निम्मे लोक तिथेच दार लावतात. उरलेले निम्मे ऐकून तरी घेतात.

आणि कमिशन यंत्र बसल्यावर म्हणता, आमच्याकडे महावितरणचा मीटर बसल्यावर. मधे दोन महिने गेले तरी कुणाला काही वाटत नाही. घरखर्चासाठी मी एक केलंय. कमिशन येतं ते वेगळ्या खात्यात. तिथून दर एक तारखेला ठरावीक रक्कम घरच्या खात्यात, पगार आल्यासारखी. चांगला महिना गेला म्हणून ती वाढवायची नाही. बायकोला आता माझा महिना कसा गेला ते कळतही नाही, आणि घरात शांतता आहे.

मखमलाबादकर

@सिडकोचा_सूर्य, शेवटच्या वाक्यासाठी +१. ;)

दारावरचा_नवखा

मी बावीस वर्षांचा, याच कामाला लागलोय, दुसऱ्या कंपनीत. पाथर्डीफाटा काका, दारात नेमकं काय बोलता? माझं "नमस्कार मॅडम" होईपर्यंत दार बंद.

पाथर्डीफाटा

पहिलं, दुपारी दोन ते चार बेल वाजवायची नाही. नाशिक झोपलेलं असतं आणि उठवलेलं माणूस काही विकत घेत नाही. अकरा ते साडेबारा बरं, नाहीतर पाचनंतर. पैशाचा निर्णय रविवारी सकाळी होतो, दोघं घरी असताना. म्हणून आठवड्यात मी विकत नाही, फक्त वेळ घेतो.

दुसरं, दारापासून दोन पावलं मागे उभं राहायचं, ओळखपत्र बाहेर. आणि मी यंत्राचं नाव घेत नाही. विचारतो, "तुमच्या बिल्डिंगला बोअरचं पाणी मिसळतात का? नळाच्या तोंडाला पांढरा थर येतो?" थर येत नसेल तर नमस्कार करून निघतो. येत असेल तर बाई स्वतःच सुरू होतात. गिझरची कॉइल गेली, केस गळतात, स्टीलच्या भांड्यावर डाग, मशीनमध्ये कपडे कडक होतात. पाच मिनिटं त्याच बोलतात. मग मी विचारतो, रविवारी येऊन पाणी तपासून देऊ का, पैसे नाहीत. जडपणा मोजायचं छोटं किट असतं, थेंब मोजत टाकायचे, रंग बदलला की थेंब गुणिले अमुक. मानकात २०० पर्यंत चांगलं, पाथर्डी आणि नाशिकरोडच्या काही बोअरना त्याच्या तिप्पट-चौपट निघतं. थेंब ग्राहकालाच टाकायला देतो. स्वतःच्या हाताने मोजलेला आकडा कुणी खोटा म्हणत नाही.

सॉफ्टनर लावला तर ते पाणी अंघोळीला, कपड्यांना. पिण्याचा नळ वेगळा ठेवा हे सांगायचंच, कारण त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं. घरात रक्तदाबाचं कुणी असेल तर ते महत्त्वाचं.

आणि दिवस बघून काम करायचं. पितृपक्षात कुणी नवी वस्तू घरात आणत नाही, तेव्हा जुन्या ग्राहकांकडे फिल्टर बघायला जा. दसऱ्याला, पाडव्याला लोक स्वतः फोन करतात. पहिल्या पावसानंतर नळाला गढूळ आलं की आठवडाभर फोन वाजत राहतो.

गंगापूररोडची_मावशी

हे सगळं वाचून तर माझं मत अजून पक्कं झालं. मीठवाल्या काकांची गोष्ट सांगणारा माणूस आत्येभावाला जाऊन नुसतं एवढंच का सांगत नाही की तुला आरओ नको, यूव्ही पुरे? विकू नका हवं तर. पण सांगा तरी. तो उद्या दुसऱ्याकडून आरओ घेईल आणि तुम्हाला कळेल तेव्हा काय वाटेल?

पाथर्डीफाटा

मावशी, निरुत्तर. तरी विकणार नाही. :)

सांगायचं मात्र पटलं. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतो, सोबत "माझ्याकडून घेऊ नका" असंही लिहितो. वितरक त्या ग्रुपवर नाही हे बरं.

पंचवटी_पासधारक

मी वर बराच खवचट लिहिलं होतं. अजूनही कमिशनवर घर चालवणं मला झेपलं नसतं. पण एक विचारतो. लग्नाकार्यात कुणी "सध्या काय करता" विचारलं की काय सांगता? मला वाटतं नोकरी जाण्यापेक्षा तोच प्रश्न जड असतो. आमच्या डब्यातल्या एकाची नोकरी गेली, तरी तो बरेच दिवस पास काढून गाडीला येत होता.

पाथर्डीफाटा

सुरुवातीला "कन्सल्टन्सी" म्हणायचो. समोरचा मान हलवायचा आणि विषय संपायचा. आता "पाण्याची यंत्रं विकतो" म्हणतो. गंमत म्हणजे त्यावर विषय संपत नाही, लगेच पाण्याच्या तक्रारी सुरू होतात. मागे एका मुंजीत जेवणाच्या पंगतीत तिघांनी टाकीचं पाणी तपासून मागितलं. तिघेही लांबचे नातेवाईक निघाले, म्हणून वितरकाच्या दुसऱ्या माणसाकडे पाठवले. (मावशी, हसू नका.)

चाकणहून एक फोन आलाय पुन्हा. पगार बरा आहे. घरी अजून बोललो नाही, विचार चाललाय.

नाशिकरोड_विमा

बोला घरी. आणि देखभाल कराराचं काय झालं?

पाथर्डीफाटा

विसरलोच लिहायला. झालं थोडं. मी बसवलेल्या यंत्रांची पुढच्या वर्षीची देखभाल मीच नक्की करून आणली तर वाटा देईन म्हणाला. ईमेलवर लिहून घेतलं. टक्केवारी त्याची पाच होती, आठवर आणली.

अशोका_मार्ग_समिती

धाग्यात उशिरा येतोय. आमच्या इमारतीत ३२ फ्लॅट, पालिकेचं पाणी कमी पडतं म्हणून बोअर मिसळतात. प्रत्येकाने आपापला सॉफ्टनर लावायचा की खाली टाकीपाशी एकच मोठा? समितीत भांडणं चाललीत.

पाथर्डीफाटा

एकच मोठा. यात मला काही मिळणार नाही, आमच्याकडे फक्त घरगुती मिळतात, तेव्हा निर्धास्त वाचा. फक्त तीन गोष्टी आधी ठरवा. बोअरच्या लाइनवरच लावा, पालिकेच्या पाण्यावर नको, नाहीतर सॉफ्टनर पुन्हा ताजा करायला लागतं ते मीठ फुकट जातं. त्याच्या आधी वाळूचा फिल्टर घ्या. आणि मीठ कोण टाकणार, किती दिवसांनी, याचं नाव सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात लिहा. मोठे सॉफ्टनर बिघडल्यामुळे क्वचितच बंद पडतात. वॉचमन बदलला आणि मीठ टाकायचं कुणालाच माहीत नव्हतं, म्हणूनच बहुतेक बंद पडतात. कोटेशन तीन घ्या, आणि तिघांनाही त्याच बोअरचा जडपणा मोजून लिहायला सांगा. आकडे जुळले नाहीत तर जो सर्वांत मोठा आकडा सांगेल त्याला आधी बाहेर काढा.